सरांच्या घरचे टॉवेल

मोताळ्याला कापसाच्या जिनिंगच्या कामाला आलो तेव्हा माझ्या पिशवीत दोन पँट, तीन शर्ट आणि आईने दिलेला एक टॉवेल होता. टॉवेलला घरूनच वास लागलेला. आमच्या कोकणात श्रावणात धुतलेला कपडा गणपतीपर्यंत दमट राहतो. आधी त्यावर काळे ठिपके पडतात, मग तो वास धरतो आणि एक दिवस अंग पुसताना हातात दोन तुकडे येतात. आमच्याकडे टॉवेल कुजून मरतो. इकडे वऱ्हाडात तो कशाने मरतो हे कळायला मला तीन वर्षं लागली. ज्या रीतीने कळलं ती सांगायला अजूनही जड जातं.

मी राहत होतो ते घर एका निवृत्त मास्तरांचं. गावात सगळे त्यांना सर म्हणत, मीही तेच म्हणायचो. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणायचो. त्यांना एकच मुलगी, गावातल्या बालवाडीत शिकवायची. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण मी तिला ताई म्हणायचो आणि ती मला दादा. माझी खोली घराच्या मागे, दार त्यांच्याच अंगणात उघडणारं. न्हाणीघर एकच.

सरांनी उभी नोकरी आसपासच्या खेड्यांत केली. हाताखालून गेलेल्या प्रत्येक पोराच्या लग्नाचं त्यांना आमंत्रण, आणि लग्नाला गेलं की मांडवात टॉवेल-टोपीचा आहेर. टोप्या सर वाटून टाकत. टॉवेल काकू एका लोखंडी पेटीत ठेवत. पेटी उघडली की त्या एकेका टॉवेलवर हात ठेवून सांगायच्या, हा अमक्या गावच्या पाटलाच्या पोराच्या लग्नातला, हा दोन बहिणींच्या एका मांडवातला, हा त्या लग्नातला जिथे वरण कमी पडलं.

मी आलो त्याच्या चौथ्या महिन्यात मला ताप आला. दोन दिवस खोलीतून बाहेर पडलो नाही तेव्हा काकूच आत आल्या. खिडकीला टांगलेला माझा टॉवेल त्यांनी दोन बोटांत उचलला.

"हे काय हाय रे?"

"टॉवेल आहे काकू. आईने दिलाय."

"मायनं देल्ला तं जपून ठेव. पण आंग नको पुसू त्यानं, आंगाले खाज सुटंल." आणि थोड्या वेळाने पेटीतला एक पांढरा, तांबड्या काठाचा टॉवेल माझ्या उशाशी ठेवला. "घे. घरातल्या पोराले देतो तसा देऊन राह्यली. परत नको करू."

मी पुढचे आठ दिवस त्या टॉवेलने तोंड पुसलं नाही. नुसता घडी करून ठेवला. नववीच्या सहामाहीनंतर शाळा सुटल्यापासून मी कुठे ना कुठे कामावर, कोणाच्या तरी पत्र्याखाली, कोणाच्या तरी पडवीत राहत आलो. 'घरातल्या पोराले' असं कोणी म्हटलं की मला आनंद होतो. हे आपण आता टिकवायचं कसं, हा प्रश्न लगेच उभा राहतो.

मी तो टॉवेल धुऊन टिकवायचं ठरवलं. माझा एकट्याचा नव्हे, घरातले सगळेच टॉवेल.

काकूंचं मनगट दुखायचं. धुण्याची मशीन होती, पण बोअरच्या जड पाण्याने तिच्या आत चुन्यासारखा थर बसून ती कधीच गप्प झालेली. बाकीचे कपडे एक बाई येऊन धुवायची. ओले टॉवेल मात्र जड होतात म्हणून ती कुरकुर करायची. एक दिवस मी म्हटलं, टॉवेल माझ्याकडे द्या. काकू नको नको म्हणाल्या, मग दिले. त्या दिवसापासून रोज सकाळी कामावर जाण्याआधी घरातले चारही टॉवेल मी धुवायला लागलो. रोज. कोणी एकदाच तोंड पुसलं असेल तरी.

आणि धुणं म्हणजे कसं! बोअरच्या पाण्याला फेस येत नाही म्हणून मूठभर पावडर, तरी येत नाही म्हणून आणखी एक मूठ. वर चिमूटभर सोडा. मग दगडावर लाकडी धोपटण्याने असे हाणायचो की शेजारच्या वाड्यातला कुत्रा उठून जायचा. मग एक टोक नळाला अडकवून दोन्ही हातांनी पीळ भरायचा, शेवटचा थेंब निघेपर्यंत. मग गच्चीवर, पत्र्यावर, उन्हात. संध्याकाळी आलो की टॉवेल पापडासारखे उभे राहायचे. हातात घेतले की कडकड वाजायचे. मला तो आवाज फार आवडायचा. जन्मभर दमट कपडे घातलेल्या माणसाला काय कळणार? मला वाटायचं, कडक झालं म्हणजे स्वच्छ झालं.

"काय पांढरे काढतो रे बाप्पा," काकू म्हणायच्या. तेवढ्यावर माझा दिवस जायचा.

असं दोन वर्षं चाललं. मग तलाठी आला.

तो लोणारचा. नोकरीची पहिलीच नेमणूक मोताळा तालुक्यात झालेली. सरांनी त्याला वरची खोली दिली. ऐन मे महिना, संध्याकाळी वीज गेलेली, सगळे अंगणात बसलेले. तो बॅग ठेवून आला आणि विचारल्याशिवाय बाजेवर बसला.

"काकू, तुमच्या गावात उन्ह जास्त हाय का माही खोलीच चुलीवर ठेवेल हाय?"

काकू हसल्या. मग त्याने लोणारच्या एसटीत एका म्हातारीने त्याच्या मांडीवर कोंबडी ठेवून तिकिटाचे पैसे काढायला खाली वाकल्याची गोष्ट सांगितली, कोंबडीच्या आवाजासकट. काकूंनी पदराने डोळे पुसले. सर हसले. ताई हसता हसता आत पळाली. मीही हसलो. सगळ्यांच्या नंतर हसलो, कारण त्यांची बोली कानात शिरून अर्थ लागायला मला अजून अर्धा क्षण जास्त लागत होता. मलाही विनोद सुचतात, पण जेवणं झाल्यावर, भांडी घासताना.

मग काकू उठल्या, आत गेल्या, पेटीचं झाकण वाजलं. बाहेर आल्या त्या निळा जाड टॉवेल घेऊन. कोणा साहेबाच्या लग्नातला, पेटीतला सगळ्यांत चांगला. मी तो पाहिला होता, एकदा हातही लावला होता.

"घे रे. घरातल्या पोराले देतो तसा देऊन राह्यली."

तेच शब्द. पहिल्या दिवशी. मला चार महिने आणि एकशे तीन ताप लागला होता.

त्या दिवसापासून माझं त्याच्यावर लक्ष. तो कधी उठतो, काय खातो, कोणाशी काय बोलतो. माणूस वाईट नव्हता, हेच तर दुखत होतं. माझ्याशी आदराने वागायचा, दादा, तुम्ही असं बोलायचा. पण टॉवेलच्या बाबतीत नुसता गबाळा. अंघोळ झाली की टॉवेल कुठे पडेल त्याचा नेम नाही. कधी कठड्यावर, कधी जिन्याच्या गजावर. आठवड्यातून एकदा बादलीत चिमूटभर पावडर टाकून दोन वेळा खालीवर करायचा, हाताने दाबून पाणी काढायचा, दोन झटके मारायचा आणि तिथेच जिन्याच्या सावलीत टाकायचा. गच्चीवर जायचा कंटाळा. मी एकदा म्हटलं, "द्या, मी धुतो."

"नाई दादा, तुमच्या हातात देल्ला तं त्याचं पोस्टमार्टेमच होईल."

काकू हसल्या. त्या का हसल्या ते मला तेव्हा कळलं नाही. मी ते मनात धरून ठेवलं.

राखीला ताईने आम्हा दोघांना राखी बांधली. त्याला आधी, कारण त्याला कचेरीत जायचं होतं. मला नंतर. आधीच्या दोन वर्षी मी एकटा होतो. ताईने मला काय काय शिकवलं होतं. मोबाईलवर अर्ज कसा भरायचा, बँकेच्या कागदावर कुठे सही करायची, पेपर वाचून दाखवताना कुठे थांबायचं. माझी चूक झाली तरी ती कधी हसायची नाही, नुसतं बोट ठेवायची. मला सख्खी बहीण नाही. तिच्यासाठी मी कोण आहे हे मला कोणीतरी चारचौघांत सांगावं, असं मला फार वाटायचं.

तशी संधी आली. दिवाळीनंतर ताईचं लग्न ठरलं, मुलगा मलकापूरकडचा. सकाळच्या चहाला सर कागदावर याद्या करायचे आणि काकू त्या खोडायला लावायच्या. एक दिवस सर म्हणाले, "कानपिळ्याला भाऊ लागेल."

लाजाहोमाच्या वेळी नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा, बहिणीला नीट सांभाळ असं बजावायचं, आणि नवरदेवाने त्याला कापड द्यायचं, अशी रीत. मांडवातले सगळे तेवढ्यापुरते उठून बघतात.

"लागंल म्हंजे काय," काकू म्हणाल्या. "चुलत, मामे सारे पुण्याले. येतात का येत नाई, अक्षता पडेस्तोवर कळायचं नाई."

सरांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. मी फरशीवर, तलाठी उंबऱ्यात. "घरात दोन पोट्टे हायेत ना. पाहू."

"सर, मी तं असा पिळीन का पाव्हण्याले मोताळ्याची हद्द दिसंल," तलाठी म्हणाला.

सगळे हसले. पण त्या 'पाहू'पासून माझी झोप, जेवण, काम, सगळं त्या एका कानाभोवती फिरायला लागलं. मीच जुना. मीच तीन वर्षांचा. पण तो इथला, त्याची बोली यांची, तो पदवीधर, आणि त्याने नुसतं तोंड उघडलं तरी काकूंना हसू येतं. रोज सकाळी मी मनात बेरीज करायचो आणि रोज ती त्याच्या बाजूने यायची.

मग मी टॉवेल आणखी जोराने धुवायला लागलो. दुसरं काय येत होतं मला?

लग्नाला महिना राहिला तेव्हा काकूंनी पाहुण्यांसाठी घरातले टॉवेल अंगणात काढले. एक उचलून उजेडात धरला. पलीकडचं तुळशीवृंदावन त्यातून स्वच्छ दिसत होतं.

"बाप्पा! हे काय झालं?"

दुसऱ्याच्या कडेचे धागे सुटलेले. तिसऱ्याची लव पार गेलेली, मधे नुसती जाळी. माझा पांढरा तांबड्या काठाचा तर घडीवरच फाटलेला. काकू एकेक झटकायच्या आणि कारणं काढायच्या. पावडर खराब आली असेल. उंदीर लागला असेल. हल्लीचे टॉवेलच असे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण मला वाटलं आता पाहतील.

आणि मी बोलून गेलो. "तलाठीभाऊ गाडी पुसतात ना घरच्या टॉवेलने."

त्याने एकदा सकाळी दव पडलं म्हणून गाडीची सीट पुसली होती. एकदा. तेही स्वतःच्या निळ्या टॉवेलने. मी 'पुसतात' म्हणालो, जसं काही रोज पुसतो आणि या चारही टॉवेलांनी पुसतो.

काकू म्हणाल्या, "हाव का?" आणि घड्या करायला लागल्या. मी जिनिंगला गेलो. दिवसभर रोलरच्या आवाजात मला तो 'हाव का' ऐकू येत होता.

दोन-तीन दिवसांनी दुपारी काम लवकर सुटलं. घरी कोणी दिसेना. जिन्याच्या गजावर तो निळा टॉवेल लटकत होता. मी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. जवळजवळ वर्षभर जिन्यावर, गादीवर, कठड्यावर लोळलेला टॉवेल, आणि रंग तसाच. मी तो उचलला. जड होता. लव अजून उभी. गालाला लावला. इतका मऊ होता की मला रागाने रडू आलं. माझे मेले, आणि याचा जगला. याने काहीच केलं नाही आणि याचा जगला.

"काऊन रे? त्याचा टॉवेल काऊन लावून राह्यला तोंडाले?"

काकू गच्चीच्या दारात. हातात कुरडयांचं ताट. माझ्या हातातला टॉवेल खाली पडला.

"काही नाही काकू. पडला होता."

"पडला होता तं गालावर कसा आला?" त्या दोन पायऱ्या उतरून बसल्या. ताट बाजूला ठेवलं. "बस इथं."

मी बसलो.

"तुमच्या जिनिंगात कोरडा कापूस आला तं तुमी काय करता?"

मला वाटलं ओरडा पडणार, आणि हा कसला प्रश्न! म्हटलं, "पाण्याचा फवारा मारतो."

"काऊन?"

"कोरडा तसाच रोलरात घातला तर रुईचा धागा तुटतो. ओल लागते थोडी."

"मंग?"

मी ताटातल्या कुरडयांकडे पाहिलं.

"मंग टॉवेल कशाचा असतो? लोखंडाचा?"

खरं सांगतो, त्या पायरीवर बसून माझे कान गरम झाले. जे मी रोज आठ तास कामावर करतो, ते मला घरी एकदाही सुचलं नव्हतं. वऱ्हाडातल्या उन्हात दिवस दिवस टॉवेल भाजत होतो आणि त्याचे धागे मोडताना जो आवाज व्हायचा त्याला स्वच्छ म्हणत होतो.

"तूच मारले थे टॉवेल," काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "उंदीर नाई, पावडर नाई, अन् गाडी तं नाईच. त्याले म्या विचारलं. तो म्हणे, हाव काकू, पुसली एकदा, चुकलं. हसला अन् गेला."

मी मान वर केली नाही.

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"दोन वर्षांपासून."

"मग सांगितलं का नाही?"

"कसं सांगू? सकाळी उठून एवढ्या जिवानं धुतो. सांगतलं असतं तं दुसऱ्या दिवशी पिशवी भरून बसला असता तू." मग मनगट दाबत, "अन् मनगट बी दुखे माहं. खोटं कायले बोलू?"

त्यानंतर त्यांनी मला टॉवेल धुवायला शिकवलं. मी इतकी वर्षं काय करत होतो त्याच्या बरोबर उलट सगळं होतं. नवा टॉवेल पेटीतून काढला की आधी साध्या पाण्यात रात्रभर भिजवायचा, त्यातली खळ निघून जाऊ द्यायची, नाहीतर तो पाणीच पीत नाही. रोज धुवायचा नाही. अंग धुतल्यावरच आपण तो वापरतो, तीन-चार वेळा वापरला तरी चालतो, फक्त दर वेळी पसरून वाळला पाहिजे, चोळामोळा करून टाकायचा नाही. पावडर निम्मी, त्याहून निम्मी. जड पाण्यात जास्त पावडर टाकली की ती धाग्यात अडकून बसते, निघतच नाही, आणि टॉवेल ताठ होतो तो त्यानेच. धोपटणं टॉवेलला लावायचंच नाही. पीळ भरायचा नाही, दाबायचं. चेनवाल्या पँटीबरोबर, हुकाच्या कपड्यांबरोबर बादलीत टाकायचा नाही. एखाद्या धाग्याचा फासा निघाला तर ओढायचा नाही, कात्रीने कापायचा. ओढला की अख्खी ओळ उसवते. वाळत घालण्याआधी दोन्ही टोकं धरून चांगला झटकायचा म्हणजे लव उभी राहते. आणि ऊन कडक असेल तर सावलीत, वाऱ्यावर.

"अन् नळ येतो त्या दिवशी धरणाच्या पाण्यात भिजू घालत जाजो. लिंबाच्या पिळलेल्या साली टाकजो त्यात. बोअरचा चुना निघते."

म्हणजे तलाठी आळसाने जे करत होता, ते जवळजवळ सगळं बरोबर होतं. मला हे मान्य करायला फार जड गेलं. निदान तो विचार करून करत असता तरी चाललं असतं.

नळ आठ दिवसांनी यायचा. त्या शनिवारी आला. मी पेटीतले पाहुण्यांसाठी काढलेले बारा नवे टॉवेल दोन पिंपांत भिजवले. घरातले जुने लिंबाच्या सालींत वेगळे. वरच्या जिन्यातून तलाठी दात घासत उतरला.

"दादा, आज धोपटणं नाई वाजलं. तब्येत बरी हाय ना?"

मला त्याला सांगायचं होतं की मी तुमच्याबद्दल खोटं बोललो. तोंडापर्यंत आलं. त्याने फेस थुंकला आणि म्हणाला, "काकूनं सांगतलं मले. जाऊ द्या ना. सीट तं म्या पुसलीच होती." आणि चूळ भरून गेला. माफी मागायची संधीही मला दिली नाही त्याने. मागितली असती तर माझं थोडं वजन कमी झालं असतं.

लग्न आलं. पुण्याचे भाऊ आले नाहीत. पाहुण्यांनी घर भरलं. मी आठ दिवस रजा घेतलेली. हळदीच्या दिवशी काकूंनी सांगितल्यावरून हळदीच्या हातांसाठी मी वेगळे जुने टॉवेल ठेवले, कारण हळद लागली की ती टॉवेलबरोबरच जाते. एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी तोंड पुसून टॉवेल परत गालावरून फिरवला आणि विचारलं, "काय व, हे नवे घेतले का?" काकू म्हणाल्या, "नाई, आमच्या पोरानं धुतले." कोणतं पोर ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी तिथेच उभा असून मला वाटलं, आत्याबाई आता तलाठ्याकडे बघतील.

कानपिळ्याचं अजून ठरलेलं नव्हतं. सर 'पाहू'च्या पुढे गेले नव्हते. मी विचारणार नव्हतो. मी फक्त पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला होता.

लग्नाच्या सकाळी ताईच्या मैत्रिणीने मला आत बोलावलं. ताई पाटावर बसलेली, हातात मुंडावळ्या. डोळे सुजलेले. खोलीत चार बायका होत्या.

"दादा, कान तुमी पिळजा हो."

सहा महिने मी याचीच वाट पाहत होतो. मी रोज रात्री डोळे मिटून तो मांडव पाहिला होता.

एक बाई ताईला म्हणाली, "हे कोण व? तुमच्यातले का?"

"माहे दादा," ताई म्हणाली.

"हो, पण कुठले? कोणाचे?"

ताई तोंड उघडणार तेवढ्यात मला सगळं एकदम दिसलं. मांडव भरलेला, भटजी विचारतायत नवरीचा भाऊ कोण, मी पुढे होतोय, आणि मलकापूरची दोनशे माणसं एकमेकांच्या कानात हेच विचारतायत. कोण? कुठला? कोणाचा? माझ्या बोलण्यावरूनच लक्षात येणार की मी इथला नाही. सरांना प्रत्येकाला समजावून सांगावं लागणार. चुकीचा कान धरला तर? जोरात पिळला तर?

"नको ताई," मी म्हटलं. "तलाठीभाऊंना करू दे. ते नीट करतील."

"तुमाले नाई का करायचं?"

"तसं नाही. त्यांना जमेल ते."

तिने माझ्याकडे पाहिलं. चुकीच्या शब्दावर बोट ठेवायच्या आधी पाहायची तसंच. पण बोट ठेवलं नाही. "बरं," म्हणाली आणि मुंडावळ्या मैत्रिणीच्या हातात दिल्या.

बाहेर आल्यावर काकूंनी मला गाठलं. त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. "मोठं मन केलं रे तू," म्हणाल्या. मी मान हलवली. मन बिन काही नव्हतं, भीती होती. ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

लाजाहोमाला तलाठी पुढे झाला. भटजींनी विचारलं, भाऊ कोण? तो म्हणाला, "मी. दिसत नाई का, नाक एकसारखं हाय." मांडव हसला. कोणी विचारलं नाही, कोण, कुठला, कोणाचा. त्याने नवरदेवाचा कान धरला आणि असं काही हळूच कानात सांगितलं की नवरदेव हसत हसत आई गं म्हणाला. ताई खाली मान घालून हसत होती. फोटोवाल्याने तीनदा तसंच धरायला लावलं. मी खांबाशी उभा राहून टाळ्या वाजवल्या, सगळ्यांच्या आधी. आणि त्या टाळ्या वाजवताना माझ्या छातीत जे जळत होतं तसं आधी कधी जळलं नव्हतं. आधी मला वाटायचं तो माझं काहीतरी घेतोय. आता तर मीच माझ्या हाताने दिलं होतं, आणि तरी जळत होतं.

जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा तो मला शोधत पाण्याच्या टाकीपाशी आला. नवरदेवाने दिलेलं शर्टाचं कापड, प्लास्टिकच्या पिशवीत, नारळासकट.

"हे घ्या दादा. तुमचं होय."

"माझं कसं? कान तुम्ही पिळलात."

"ताईनं पहिले तुमाले विचारलं, मले माहीत हाय. मी तं बदलीवर पिळला." त्याने पिशवी माझ्या काखेत खोचली. "अन् मले आकाशी रंग नाई शोभत. काळा हाय ना मी."

मी नको नको म्हणेपर्यंत तो पंगतीत वाढायला निघून गेला. दुसऱ्याच क्षणी तिकडून हसण्याचा आवाज आला.

मी टाकीपाशी पिशवी धरून उभा. ते कापड मला सहा महिने हवं होतं आणि त्याला ते हातात आल्यावर अर्धा तासही ठेवावंसं वाटलं नाही. मी आजवर कोणाला काही दिलं असेल तर ते आपल्याला कोणी घालवू नये म्हणून दिलं आहे. टॉवेलसुद्धा त्याच भीतीने धुतले. त्याने दिलं तेव्हा त्याच्या मनात काही भीती नव्हती, हिशेब नव्हता, पंगतीतली जिलेबी संपत आली होती एवढीच घाई होती. त्या दिवशी मला त्याचा सगळ्यात जास्त हेवा वाटला तो यासाठी.

कापडाचा शर्ट मी शिवून घेतला. तलाठ्याची पुढच्या वर्षी देऊळगाव राजाकडे बदली झाली. त्याचा फोन येतो, मी घेतो, आणि फोन ठेवल्यावर काकूंना त्याने आधी फोन केला होता की मला, हे मी अजूनही विचारून घेतो.